आधी कधीच न पडणारा बॉक्सर पुढे हलक्या पंचलाही का पडायला लागतो?

नाशिकच्या सिडकोतल्या एका पोराने विचारलंय. त्याचा दादा शाळेपासून बॉक्सिंग करतो, आता 28 वर्षांचा आहे, आधी कुणाचाही पंच खाऊन तसाच पुढे यायचा, हॉलमधली पोरं त्याला भिंत म्हणायची. गेल्या दीड वर्षात मात्र तो तीनदा पडला, दोनदा स्पर्धेत आणि एकदा स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, आणि शेवटचा पंच तर बघणाऱ्यांना काही विशेष वाटलाच नव्हता. तर असं का होतं, हनुवटी (चिन), म्हणजे पंच सोसायची ताकद, परत मजबूत करायचा काही व्यायाम आहे का, आणि पुढच्या महिन्यातली निवड चाचणी दादाने खेळावी का, असं त्याला विचारायचंय.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं पोरांना बॉक्सिंग शिकवतोय, त्यांच्या कॉर्नरला उभा राहिलोय, म्हणून जरा लांबलचक लिहितो, पण आधी सरळ उत्तर घे. चाचणी खेळू देऊ नको. हनुवटी मजबूत करायचा व्यायाम नसतो. आणि मार खाऊन खाऊन मार सोसायची सवय होते हा आपल्या खेळातला सगळ्यात घातक समज आहे. मुठीला सवय होते, नडगीला होते, पोटाच्या स्नायूंना होते, मेंदूला अजिबात होत नाही, तिथे उलटं होतं.

नॉकआउटमध्ये नेमकं काय होतं ते आधी समजून घे. मेंदू साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमचा, खरवसाच्या वडीइतका मऊ, आणि कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. समोरून कपाळावर बसलेला पंच दुखतो पण त्याने माणूस सहसा झोपत नाही. हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला पंच, हनुवटीच्या बाजूला बसला की गोष्ट वेगळी, कारण हनुवटी मानेपासून लांब आहे, तिथे थोडा जोर लागला तरी डोकं गर्रकन फिरतं. कवटी आधी फिरते, मेंदू मागून फिरतो, आणि त्या फरकात मेंदूला पीळ बसतो. पेशींचे जे लांब लांब धागे एकमेकांना निरोप पोचवतात ते ताणले जातात, पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं, कॅल्शियम आत घुसतं, आणि माणसाला जागं ठेवणारा जो खालचा भाग आहे मेंदूच्या बुडाशी, त्याचं काम काही सेकंद थांबतं. तू पाहिलं असशील, पडतापडताच बॉक्सरचे हात कधीकधी हवेत ताठ होतात, ते नाटक नसतं, मेंदूच्या बुडाला झटका बसल्याची खूण असते. म्हणजे हनुवटी हे फक्त पंच बसायचं ठिकाण, कामातून जातो तो मेंदू. चिन गेली चिन गेली म्हणून आपण हाडाबद्दल बोलतो आणि डॉक्टरकडे जायचं राहूनच जातं.

आता तुझ्या दादाची गोष्ट. पंच बसल्यावर पेशींना ते पोटॅशियम-कॅल्शियम परत जागेवर न्यायला प्रचंड ऊर्जा लागते, साखर जास्त लागते, आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. ही ओढाताण पाच मिनिटांत संपत नाही, दिवसचे दिवस चालते, काहींच्या बाबतीत काही आठवडे. बाहेरून माणूस ठणठणीत, जेवतोय, हसतोय, मोटरसायकल चालवतोय. या काळात दुसरा पंच बसला, भले तो हलका असेना, तर पहिल्यापेक्षा जास्त नुकसान करतो, आणि कोवळ्या वयाच्या पोरांमध्ये तर या दुसऱ्या मारानंतर मेंदूला भयंकर सूज येऊन मृत्यू झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. हौशी बॉक्सिंगच्या नियमांत म्हणूनच आहे की डोक्यावरच्या माराने नॉकआउट झाला तर किमान 30 दिवस सामना तर नाहीच, स्पारिंगही नाही. थोड्या काळात दोनदा-तीनदा झालं तर ही बंदी आणखी कितीतरी लांबते.

हे नियम स्पर्धेतल्या नॉकआउटला लागतात कारण तिथे डॉक्टर असतो, पुस्तकात नोंद होते. हॉलमध्ये पडलेल्याची नोंद कोण करतो? "काही नाही, जरा झापड आली", तोंडावर पाणी मारलं, दोन मिनिटं दोरीला टेकला, परत आत. तुझा दादा स्पारिंगमध्ये पडला तो स्पर्धेतल्या पडण्यानंतर किती दिवसांनी, हे त्याला विचार, मला वाटतं तुझं अर्धं उत्तर तिथेच सापडेल.

हे झालं तात्पुरतं. दुसरा भाग कायमचा आहे. 1928 साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या हॅरिसन मार्टलँड नावाच्या डॉक्टरने पहिल्यांदा लिहिलं की डोक्यावर खूप मार खाल्लेले बॉक्सर पुढे अडखळत चालतात, बोलणं जड होतं, विसरतात. त्याने तेव्हाच एक गोष्ट टिपली होती जी मला आजही फार महत्त्वाची वाटते: ज्यांना मोठ्या बॉक्सरच्या सरावासाठी उभं करतात, जे दिवसातून कितीतरी वेळा पाडले जातात, अशा दुय्यम बॉक्सरांत हे जास्त दिसतं. म्हणजे नाव झालेला चॅम्पियन नव्हे, सरावात मार खाणारा. 1969 मध्ये ब्रिटनमध्ये रॉबर्ट्स नावाच्या डॉक्टरने जुन्या व्यावसायिक बॉक्सरांची तपासणी केली तेव्हा साधारण 17 टक्के लोकांत मेंदूच्या कायमच्या इजेची लक्षणं निघाली, आणि सामने जितके जास्त तितकं प्रमाण जास्त. स्वीडनमध्ये 2006 साली हौशी बॉक्सरांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, तर सामन्यानंतर आठवडा-दहा दिवसांनी त्यात मेंदूच्या तंतूंना इजा झाल्यावर सुटणारी प्रथिनं वाढलेली होती, डोक्यावर जास्त पंच खाल्लेल्यांत जास्त वाढलेली. तीन महिने विश्रांतीनंतर ती खाली आली. हौशी बॉक्सर बरं का, तीन-चार राउंडचे, आपल्या पोरांसारखेच. आणि लास वेगासमध्ये क्लीव्हलँड क्लिनिकने 2011 पासून व्यावसायिक बॉक्सर आणि एमएमएवाल्यांचा (मिश्र मार्शल आर्ट्स) मोठा अभ्यास चालवलाय, त्यात दिसलं की जास्त लढती खेळलेल्यांच्या मेंदूचे आतले काही भाग आकाराने लहान होतात आणि विचारांचा वेग मंदावतो.

हा विचारांचा वेग मंदावणं म्हणजेच तुझ्या प्रश्नाचं दुसरं अर्धं उत्तर. कारण जो पंच दिसतो त्याने माणूस क्वचित झोपतो. पंच येताना दिसला की मान आपोआप आवळली जाते, हनुवटी खाली जाते, खांदा वर येतो, डोकं पंच जातोय त्याच दिशेला जरा सरकतं आणि त्यातला अर्धा जोर निघून जातो. हे सगळं विचार न करता होतं, डोळा मिचकावायच्या आत. मेंदू जरासा मंद झाला, अगदी घरच्यांनाही कळणार नाही इतका, की तेच सगळं उशिरा होतं, मान सैल असताना पंच बसतो, आणि बघणारे म्हणतात अरे एवढ्याशा पंचला पडला. पंच एवढासा नव्हता, तो पूर्ण बसला होता, आधी तसाच पंच अर्धा बसायचा. मग स्वच्छ पंच जास्त बसायला लागले की मेंदू अजून मंद, अजून पंच, हे चक्र एकदा सुरू झालं की फार वेगाने फिरतं. म्हणून अशा बॉक्सरची घसरण हळूहळू दिसत नाही, एकदम दिसते. पाच वर्षं काही नाही आणि मग वर्षभरात तीनदा.

पायांचंही तेच. पाय वेळेवर सरकले नाहीत की डोकं त्याच रेषेत राहतं. पांडवलेणीच्या पायऱ्या धावत चढून दम वाढतो, तो हवाच, पण पंच येताना पाय कधी हलवायचा हे ठरवणारा वेग पायऱ्यांनी परत येत नाही.

अमेरिकन बॉक्सर रॉय जोन्स ज्युनियरचं उदाहरण बघ, त्याच्या फाइट सगळ्या पोरांनी मोबाईलवर पाहिलेल्या असतात. हात खाली, छाती उघडी, आणि तरी कुणाला सापडायचा नाही, कारण वेग अफाट होता. मे 2004 पर्यंत त्याच्या नावावर एकच हार होती आणि तीही अपात्र ठरवल्यामुळे. मार्च 2003 मध्ये तो वजन वाढवून 193 पौंडांवर जॉन रुईझशी हेवीवेट लढला, जिंकला, मग त्याच वर्षी परत 175 पौंडांवर उतरला. मे 2004 मध्ये अँटोनियो टार्व्हरने दुसऱ्या राउंडला पाडला आणि सप्टेंबरमध्येच तो परत उभा राहिला, ग्लेन जॉन्सनने नवव्याला झोपवला. वय 35. त्याची हनुवटी मुळातच नाजूक होती, फक्त आधी कुणाला सापडली नाही, असं काहीजण म्हणतात. असेलही. पण मला त्यात तीन गोष्टी एकत्र दिसतात: स्नायू उतरवून केलेलं वजन, जरासा कमी झालेला वेग ज्याच्यावर त्याचा सगळा बचाव उभा होता, आणि पहिल्या नॉकआउटनंतर चारच महिन्यांत दुसरी मोठी लढत. तुझा दादा भिंत होता, म्हणजे त्याची शैलीच मार खाऊन पुढे जायची, त्याच्याकडे तर रॉय जोन्सचा वेगही नव्हता.

उलट बर्नार्ड हॉपकिन्स बघ. 1988 ते 2016, अठ्ठावीस वर्षं व्यावसायिक लढला, आणि ठोसे लागून थांबवला गेला तो फक्त शेवटच्या लढतीत, जो स्मिथ ज्युनियरकडून, वयाच्या 51 व्या वर्षी. कारण त्याला स्वच्छ मारणंच मुश्किल होतं, चिकटायचा, कोन बदलायचा, वजनही वर्षभर ताब्यात ठेवायचा. म्हणून मी पोरांना सांगतो, वर्षं मोजू नका, डोक्यावर किती बसले ते मोजा. क्लिचको धाकटा, व्लादिमीर, त्याचं तर अजून शिकण्यासारखं आहे. 2003 मध्ये सँडर्सने दुसऱ्या राउंडला, 2004 मध्ये ब्रूस्टरने पाचव्याला थांबवला, सगळे म्हणाले संपला. त्याचा कोच इमॅन्युएल स्टीवर्डने त्याची हनुवटी नाही बदलली, अंतर बदललं, लांब डावा हात, जवळ आला की मिठी, आणि मग 2015 पर्यंत तो हरला नाही. आपला विजेंदरसुद्धा, सव्वा वर्षाहून जास्त रिंगबाहेर राहून मार्च 2021 मध्ये गोव्यात उतरला आणि पाचव्या राउंडला व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदा हरला, पण पुढच्या वर्षी रायपूरला जिंकला. तेव्हा एकदा पडला म्हणजे संपला असं मुळीच नाही. एकदा पडणं आणि दीड वर्षात तीनदा पडणं, तेही शेवटी अगदी हलक्या पंचला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि न पडणं म्हणजे सुरक्षित असंही नाही. मोहम्मद अली आयुष्यात एकदाही दहा मोजेपर्यंत खाली राहिला नाही. 1980 मध्ये लॅरी होम्ससमोर त्याच्याच कॉर्नरने लढत थांबवली एवढंच. पण 1975 ची फ्रेझरबरोबरची मनिलाची लढत, 1977 ला अर्नी शेव्हर्सचे पंच, आणि सरावात मुद्दाम दोरीला टेकून साथीदारांना मारू द्यायची सवय. 1984 मध्ये त्याला पार्किन्सनचं निदान झालं. त्यात बॉक्सिंगचा वाटा किती यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, पण ज्याला आपण भक्कम हनुवटी म्हणतो ती असलेला माणूस उलट जास्त मार खातो कारण त्याला थांबवायला काही नसतं. तुझ्या दादाला भिंत म्हणणाऱ्या पोरांना हे सांग.

आता वजन. आपल्याकडे स्पर्धेच्या आधी प्लॅस्टिकचा रेनकोट घालून मे महिन्यात गोदाघाटावर धावणारी पोरं मी दरवर्षी बघतो, आदल्या रात्रीपासून पाणी बंद, सकाळी वजन दिलं की उसाचा रस आणि मिसळ हाणायची आणि त्याच दिवशी बाउट. काट्यावरचं वजन तासाभरात परत येतं पण शरीरातलं पाणी इतक्या लवकर जागेवर जात नाही, पाय जड, डोळे मंद, आणि अशा अवस्थेत डोक्यावर मार. वय वाढतं तसं वजन उतरायला जास्त त्रास होतो, तरी पोरं जुन्याच वजनगटाला चिकटून राहतात कारण तिथे मेडल मिळालं होतं. दादा पाच वर्षांपूर्वीच्याच गटात खेळत असेल तर हेही एक मोठं कारण धर.

पण सगळ्यात मोठं कारण मला विचारशील तर हॉलमधलं स्पारिंग. एक बॉक्सर वर्षात स्पर्धेचे बाउट खेळून खेळून किती खेळणार, आणि स्पारिंग मात्र आठवड्याला दोन-तीनदा, तेही पूर्ण जोराने, कारण पोरं कमी, जागा कमी, म्हणून 57 किलोचा 71 किलोवाल्याबरोबर, आणि बाहेर उभे राहून बाकीचे ओरडतायत मार मार. हेडगार्ड घातलंय ना, असं म्हणतात. हेडगार्डने भुवई फुटत नाही, कान वाचतो, पण डोकं फिरायचं ते फिरतंच, आतल्या मेंदूला त्याचा फारसा उपयोग नाही. 2013 पासून पुरुषांच्या मोठ्या गटातून हेडगार्ड काढलं त्यामागे हाही वाद होता. ग्लोव्हजचंही तसंच, ते मारणाऱ्याचा हात वाचवतात. जोराचं स्पारिंग स्पर्धेच्या आधी मोजकं, बाकी सगळं तांत्रिक, फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच), फक्त बॉडी, ठरवून दिलेल्या हालचाली, आणि कुणाला गरगरलं की त्या दिवशी ग्लोव्हज काढायचे, वाद नाही. माझ्याकडे हा नियम आहे आणि त्यावरून पालक चिडलेत, पोरं दुसरीकडे गेलीत, तरी मी तो सोडत नाही.

पोरं सांगत का नाहीत याचं कारणही आपल्यातच आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात राबणाऱ्या घरचं पोर असतं, राज्य सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण डोळ्यासमोर असतं, नाहीतर रेल्वे, आर्मीतली खेळाडू भरती. एक सर्टिफिकेट कमी पडतंय, वयाची अट जवळ येतेय. अशा वेळी पोरगं कोचला कसं सांगेल की सर मला तीन दिवस झाले उजेड सहन होत नाही. मी त्यांना दोष देत नाही. म्हणून कोचनेच विचारलं पाहिजे आणि घरच्यांनी बघितलं पाहिजे.

तू घरी राहतोस त्याच्याबरोबर, तुला कोचपेक्षा जास्त दिसेल. डोकेदुखी, झोप बिघडणं, विनाकारण चिडणं, तेच तेच परत विचारणं, बोलताना शब्द चिकटणं, गाडी चालवताना घाबरल्यासारखं होणं. हे असेल तर लिहून ठेव तारखांसकट. आणि पडल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत डोकेदुखी वाढत चालली, उलट्या झाल्या, एक बाहुली मोठी दिसली, झटका आला किंवा उठवूनही नीट उठत नसेल तर सकाळची वाट बघायची नाही, तडक मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला न्यायचं, कारण ते आत रक्त साचण्याचं लक्षण असू शकतं आणि तिथे एकेक तास महत्त्वाचा असतो.

आता काय करायचं. न्यूरोलॉजिस्टकडे ने, जनरल डॉक्टर नको, आणि तिन्ही वेळचं खरं खरं सांगा, स्पारिंगमधलं सुद्धा. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून उड्या मारू नका, त्यात रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसतं, ताणले गेलेले धागे दिसत नाहीत. एमआरआय आणि स्मरणशक्ती-प्रतिक्रियेच्या चाचण्या लागतील का ते डॉक्टर ठरवतील. तोपर्यंत डोक्यावर एकही पंच नाही, गमतीतही नाही. दारू घेत असेल तर ती बंद. त्रास पूर्ण थांबल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर चालणं, सायकल, मग दोरी, शॅडो (हवेत पंच मारायचा सराव), बॅग, एवढ्याने अंगातली रग जाते.

सामने परत खेळायचे का, तर माझं मत नाही. मान मजबूत करणं, बचाव सुधारणं, वजनगट वर नेणं, हे सगळं एकदा पडलेल्या बावीस वर्षांच्या पोरासाठी मी सुचवलं असतं. 28 व्या वर्षी, शाळेपासून मार खाणारी शैली, दीड वर्षात तीन वेळा, यापुढचा प्रत्येक सामना त्याला सर्टिफिकेट देईल न देईल, पण अजून चाळीस वर्षं वापरायचा मेंदू धोक्यात नक्की घालेल. त्याच्याकडे राज्य पातळीचं काही आधीचं असेल तर ते घेऊन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचार, आरक्षणासाठी कोणतं चालतं ते तिथे नीट कळेल, कितीतरी पोरं न विचारताच अजून एक मेडल हवं म्हणून खेळत राहतात. पटियालाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) कोचिंगचा कोर्स आहे, त्याची पात्रता बघा. पॅड धरणारा चांगला माणूस नाशिकमध्ये मिळत नाही, लहान मुलांच्या बॅचला तर हवाच असतो, आणि ज्याने एवढी वर्षं रिंगमध्ये काढलीत त्याला अंतर, वेळ, लय हे पोरांना शिकवता येतं.

त्याच्याशी बोलताना चिन गेली हा शब्द काढू नको, त्याला तो अपमान वाटेल आणि तो सिद्ध करायला चाचणीला जाईल. आधी कोचला एकट्याला भेट, हॉलमधली घटना आणि तारखा त्यांच्यासमोर ठेव, आणि नाव मागे घ्यायला त्यांनाच सांग. कोच टाळाटाळ करायला लागले तर डॉक्टरांकडून लेखी घे की संपर्काचा खेळ बंद, आणि तो कागद आयोजकांकडे दे, मेडिकलला तो बघितल्यावर कुठलाही डॉक्टर त्याला रिंगमध्ये सोडणार नाही.